यजमान पेशी आणि जाधवताई

गेल्या रविवारी मुलुंडमध्ये भर सभेत माझ्या मराठीची वाट लागली… आणि बरं झालं लागली.

आधी मॅटर सांगते. मी बायोटेकच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमची कॉलेजची एक टीम आहे आणि आम्ही असे जिवाणू बनवतोय, जे पाण्यात शिसं असलं की रंग बदलतील. वर्षभर याच्यामागे लागलोय… सुट्ट्या नाहीत, सणवार नाहीत, घरच्यांची बोलणी वेगळी.

आमच्या लॅबची मागची भिंत एका चाळीला लागून आहे. तिथे कुणीतरी उठवलं की कॉलेजची पोरं जंतू तयार करतात आणि गटारात सोडतात. चाळीतल्या जाधवताईंनी थेट प्रिन्सिपलकडे तक्रार केली. मग वरून निरोप आला, जाऊन लोकांशी बोला, जाधवताईंनी तक्रार मागे घेतली तर ठीक, नाहीतर प्रोजेक्ट बंद.

झालं… चाळीच्या महिला मंडळासमोर बोलायचं ठरलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. टीममध्ये धड मराठी बोलणारी मी एकटीच. माझा पार्टनर जिग्नेश बिनधास्त म्हणाला, "तू बोल यार, मी स्लाइड फिरवतो."

आता माझी गोची अशी की मी घरी मराठी बोलते, पण सायन्स सगळं इंग्लिशमध्ये शिकले. म्हणून सगळे शब्द शोधून शोधून पाठ केले. होस्ट सेल, म्हणजे ज्या पेशीत आपण बाहेरचा जीन घालतो, तिला मराठीत 'यजमान पेशी' म्हणतात. मस्त शब्द वाटला मला. बोलताना मी 'पेशी' गाळून टाकलं… सोपं व्हावं म्हणून!

हॉल भरलेला. मी सुरू केलं. "सगळ्यात आधी आम्ही चांगला यजमान निवडतो. यजमान गरीब स्वभावाचा हवा, कुणाला त्रास न देणारा." पुढच्या रांगेत खसखस. मला वाटलं, चला, लोकांना आवडतंय. "मग त्याच्यात आपल्याला हवा तो बदल करतो. बदल झाला नाही तर औषध टाकून त्याला मारतो. एक यजमान मेला तरी टेन्शन नाही, फ्रीझरमध्ये दुसरे असतात."

अख्खा हॉल फुटला. एक काकू तर पदर तोंडात कोंबून हसत होत्या. मी आणि जिग्नेश एकमेकांकडे बघतोय… काय झालं काय? शेवटी पुढे बसलेल्या सावंतआजींनीच सांगितलं की बाई, आमच्याकडे नवऱ्याला यजमान म्हणतात. आमच्या घरी आई तर बाबांना सरळ नावाने हाक मारते हो, मला कुठून कळणार? असली लाज वाटली ना…

पण आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पाठ केलेलं सगळं सोडून दिलं आणि जसं सुचेल तसं सांगायला लागले. म्हटलं, आमचा हा जिवाणू लॅबमध्येच वाढलेला, त्याला सगळं वेळेवर आणि हातात लागतं, बाहेर पडला तर फार दिवस टिकत नाही. सावंतआजी लगेच मालवणीत, "अगो, मगे ते आमचे घोवच! आयता गावला तरच जगतत." घोव म्हणजे नवरे. पुन्हा हशा. पण मुद्दा पोचला. वर्षभर स्लाइड बनवून आम्हाला इतकं सोपं सांगता आलं नसतं.

हसत नव्हत्या फक्त जाधवताई. त्या मागे उभ्या होत्या. हशा थांबल्यावर त्यांनी विचारलं, "फार दिवस नाही, म्हणजे किती?"

जिग्नेश डोळ्यांनी खुणावतोय, दोन दिवस सांग, काहीतरी सांग. पण मला खरंच माहीत नव्हतं. आमच्या लॅबमधलं माहीत होतं, त्यांच्या गटारातलं नाही. मी तसंच सांगून टाकलं… "नक्की माहीत नाही, ताई. म्हणूनच आम्ही काही बाहेर जाऊ देत नाही." वापरलेलं सगळं मोठ्या प्रेशर कुकरसारख्या मशीनमध्ये उकळून मारतो, मगच फेकतो, हेही सांगितलं.

"आणि कुकर बिघडला तर?"

"तर सगळं आत, कुलपात. दुरुस्त होईपर्यंत काम बंद."

मला वाटलं, गेलं वर्ष पाण्यात.

मग त्या बोलल्या. गेल्या पावसाळ्यात त्यांच्या मुलीला टायफॉइड झाला होता, हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागलं होतं. तेव्हापासून जंतू म्हटलं की त्यांना तेच दिवस आठवतात. त्यांना आमच्याशी भांडायचं नव्हतंच… घाबरल्या होत्या, आणि विचारायचं कुणाला हेच माहीत नव्हतं. आमच्या भिंतीपलीकडे इतकी वर्षं राहून त्यांना आमच्यातलं एकही माणूस ओळखीचं नव्हतं. ऐकून मला फार वाईट वाटलं.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर त्या लॅबमध्ये आल्या. आमच्या सरांनी सगळं दाखवलं. त्यांनी मशीन बघितलं, बेसिनखाली वाकून पाइप कुठे जातो ते विचारलं, कचऱ्याचा डबासुद्धा उघडायला लावला. जाताना म्हणाल्या, "तक्रार मागे घेते. पण भीती गेली नाही हां माझी… आता विचारायला तू आहेस, एवढंच."

माझा नंबर घेऊन गेल्या. आज सकाळी फोन… नळाला गढूळ पाणी येतंय, उकळलं तर चालेल का? मी जेवढं माहीत होतं तेवढं सांगितलं आणि म्हटलं, वॉर्ड ऑफिसला पण कळवा. त्यांनी मुलीला हाक मारली, "बघ गं, विचारलं मी… उकळून घे."

थँक्यू जाधवताई. घाबरून गप्प बसला नाहीत म्हणून.