मेकॅनिकनं चेकिंगचे पैसे घेतले नाहीत

मंडळी, उशिरा लिहितोय, माफ करा.

दुष्काळात धरण आटलं अन् त्यातलं बुडालेलं गाव उघडं पडलं. परवा ते बघायला माझी गाडी घेऊन जाऊन आलो. तेव्हापासून मागच्या सीटखाली टकटक वाजतंय. आज मुखेडच्या मेकॅनिकनं दिवसभर गाडी तपासली अन् पाचशे मागितले.

"फॉल्ट सापडला न्हाई, मग पैसे कशाचे?" मी भांडलो.

"शोधायला मेहनत लागत न्हाई व्हय, काका? बॅटरी काढली तरी वाजून राहिलंय. ऐका."

मी सीटवर हात ठेवला. आवाज थांबला. हात उचलला, पुन्हा सुरू.

तो मागं सरला. "पैसे ऱ्हाऊ द्या. गाडी तेवढी घेऊन जा."

भांडण मिटलं, पण धीर सुटला. उद्या सकाळी गरोदर लेकीला त्याच सीटवर बसवून लातूरला दवाखान्यात न्यायचंय. दुसरी गाडी मिळत नाही. नेऊ का? लवकर कळवा.