पंचवीस मीटरची दोरी

रचनाच्या घरात साबणाचा शेवटचा चपटा तुकडासुद्धा वाया जात नाही, तो नव्या वडीला चिकटतो. चौलच्या अलीकडच्या त्या गावात तिला चिकट म्हणतात. म्हणोत बापडे! नवरा अजित न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात, घरी येणार रविवारी. त्याच्या पगारात पाच तोंडं, दोन शाळा आणि सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या बसवायच्या म्हणजे खायचं काम नाही. रिक्षा बंद, हॉटेल बंद, नवे कपडे वर्षातून एकदाच, चौदा एप्रिलला.

पण पोरांच्या छंदाला कात्री लावायची नाही, हा तिचा हट्ट. धाकट्या सनीला बुद्धिबळ हवं होतं. सासरे रामजी तलाठी कार्यालयात शिपाई होते. त्यांनी जुन्या बॅनरच्या पाठीवर पट्टी धरून चौसष्ट घरं आखली, टोपणांची प्यादी केली, झाला क्लास. थोरल्या साक्षीला मात्र पोहायचं होतं आणि तिथं घोडं अडलं. अलिबागच्या स्विमिंग पूलची फी अधिक एसटीचं भाडं, म्हणजे घराचं महिन्याचं वाणसामान.

मग रचनाने गावचं तळंच धरलं. अजितने यार्डातून टाकून दिलेली जाड दोरी आणली. पर्यटकांनी किनाऱ्यावर फेकलेल्या बाटल्या सनीने गोळा केल्या. हातभर अंतरावर एकेक बाटली बांधली की दोरी तरंगते. तळ्याच्या अरुंद टोकाला रामजींनी टेप धरून मोजलं, तर या पायरीपासून त्या पायरीपर्यंत बरोबर पंचवीस मीटर. दोरीचं एक टोक अलीकडच्या कडीला, दुसरं पलीकडच्या लोखंडी कठड्याला. दोरी नसली की साक्षी खेकड्यागत तिरपी जायची. दोरीच्या कडेने पोहायला लागली आणि तालुक्यात पहिली आली. आता शनिवारी जिल्ह्याची स्पर्धा होती.

सोमवारी सकाळी येऊन बघतात तर दोरी पलीकडच्या कठड्यापाशी कापलेली. बाटल्यांची रांग तळ्यात वाकडीतिकडी.

पलीकडे भाऊ चहाचा कप घेऊन उभे होते. नारळी-पोफळीची मोठी वाडी त्यांची, गेल्या वर्षी तिथं होमस्टे काढलेला. कठडाही त्यांनीच बसवलेला. रचना तरातरा वळसा घालून गेली. मागोमाग साक्षी, आणि काठी टेकत रामजी.

"दोरी कोणी कापली, भाऊ?"

"मीच सांगितली कापायला. राग मानू नकोस. पाहुणे फोटो काढतात, त्यात त्या बाटल्या दिसतात. शिवाय देवाचं तळं आहे, रोज रोज कोणीही उतरायचं म्हणजे..."

"कोणीही म्हंजे कोण?"

भाऊ चहाकडे बघायला लागले.

"मे महिन्यात तुमची नातवंडं यातच उड्या मारतात. तवा देव सुट्टीवर जातो काय?"

"तळं सातबाऱ्यावर ग्रामपंचायतीचं हाय, भाऊ," रामजी शांतपणे म्हणाले. "नोंद मी या डोळ्यांनी वाचलीय. माझा बाप ओंजळभर पाण्यासाठी महाडला चालत गेला होता. मला परत चालायला लावू नका."

भाऊंनी कप कठड्यावर ठेवला आणि आवाज मऊ केला. "भांडण कशाला? अलिबागच्या पूलची फी मी भरतो. वर्षाची. न्यायला-आणायला गाडी देतो. पोरीचं कल्याण होईल. तुम्ही फक्त हे तळं सोडा."

वर्षाची! रचना मनात आकडे मांडायला लागली. कढीपत्त्याची काडी फुकट मिळाली तरी न सोडणारी बाई ती. निळ्या फरशीचा तळ, शिट्टी मारणारा कोच, सगळं क्षणात डोळ्यांपुढं आलं. आपल्या तोऱ्यापायी पोरीचं नुकसान तर होत नाही ना? आयुष्यात पहिल्यांदा तिला हिशेब सुटेना, आणि त्याचा तिला भयंकर राग आला.

"साक्षे, तूच सांग. पोहायचं तुला हाय."

साक्षीने गॉगल कपाळावर सरकवला. "भाऊआजोबा, पूलला गेले तर पुन्हा इथं नाही ना पोहता येणार? सनीला पण नाही?"

भाऊंनी कठड्यावरचा कप पुन्हा उचलला.

"मग नको, आई."

रचना भाऊंकडे वळली. "ऐकलंत? फी नको आम्हाला."

"अगं बाई, फुकट देतोय!"

"फुकट कुठं? बदल्यात तळं मागताय की!"

भाऊंचा चेहरा लाल झाला. "तर मग ऐक. कठडा माझा आहे. माझ्या कठड्याला दोरी बांधायची नाही."

"न्हाय बांधत."

दोरी काठाजवळच तरंगत होती. रचनाने कापलेलं टोक काठीने ओढून घेतलं, पदर खोचला आणि ती पलीकडच्या पायऱ्या उतरायला लागली. पाण्याची तिला लहानपणापासून धास्ती. पहिल्या पायरीवर शेवाळ, दुसरीवर गुडघाभर पाणी, तिसरीला कंबर बुडाली आणि श्वास अडकला. रामजी वरून "जपून गं" म्हणत राहिले. ती चौथीही उतरली. पाणी छातीला लागलं. दोरीचं टोक तिने मनगटाला दोनदा गुंडाळलं आणि मागे रेलून ताणलं. अलीकडच्या कडीपर्यंत दोरी सरळ झाली. साक्षी धावत वळसा घालून अलीकडच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

"अगं वेडे, बाहेर ये!" भाऊ घाबरून ओरडले. "तुला पोहता तरी येतं का?"

"न्हाय येत," रचनाचे दात वाजत होते. "उभं राहता येतं. साक्षे, मार उडी!"