आकरबाई, मिश्राहारी

आमच्या विज्ञानाच्या बाई वर्गात आल्या की पुस्तक उघडायच्या आधी समोरच्या पोराला म्हणायच्या, ‘आ कर!’ मग त्याच्या जबड्याकडे बोट करून सगळ्या वर्गाला पटाशीचे दात, सुळे, दाढा दाखवायच्या. एवढ्यावरून त्यांचं नाव आकरबाई पडलं. खरं आडनाव पाटील, अंजूर गावच्या. पण नव्या पालकांना आकर हेच आडनाव वाटे आणि ते शाळेत ‘आकर मॅडम आहेत का?’ असं विचारत येत.

प्राणी काय खातो, यावरून त्याची जात ठरवायची हा त्यांचा लाडका धडा. गाय शाकाहारी, वाघ मांसाहारी, कावळा मिश्राहारी. एकदा नारपोलीहून येणाऱ्या एका पोरीने पेपरात लिहिलं, ‘शेळी कापडाहारी’. आम्ही खो खो हसलो. बाई हसल्या नाहीत. तिकडच्या कापडाच्या लूमच्या कारखान्यांबाहेर शेळ्या चिंध्या चघळतात हे त्यांनीही पाहिलं होतं. म्हणाल्या, ‘तिला कापड नको असतं, सुताला लावलेली खळ हवी असते. खळ म्हणजे पिठाचीच. शेळी बिचारी शाकाहारीच राहिली.’ आणि त्या पोरीला, नीट बघितलंस म्हणून, अर्धा मार्क दिला.

माणूस कोणत्या रकान्यात, असं विचारलं की मासळी खाणाऱ्या घरची पोरं खाली मान घालून ‘मांसाहारी’ म्हणायची. हे पाहिलं की बाईंचं डोकं फिरे. ‘तू वाघ आहेस? भात कोण खातं मग?’ ज्याच्या घरी मासळी शिजत नसे त्यालाही सांगत, ‘तू खात नाहीस, ती तुझी मर्जी. तिला माझा मान आहे. पण दात तुझे नि माझे सारखेच.’

निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी त्या फुकट शिकवायला यायच्या. पुढे रस्ता रुंद झाला, त्यात त्यांचं घर गेलं. गुडघे दुखायचे, जिना चढवत नसे. शाळेजवळच्या नव्या सोसायटीत तळमजल्यावरची एक खोली भाड्याने मिळत होती. ती मिळाली तरच शनिवार टिकणार होता. मी त्यांच्याबरोबर गेले.

सेक्रेटरीसाहेबांनी पहिलाच प्रश्न टाकला, ‘शाकाहारी ना?’

‘मिश्राहारी,’ बाई म्हणाल्या.

‘मिश्रा?’ साहेबांचा चेहरा खुलला. ‘अरे, पहले बोलना था! मिश्राजी लोगों का तो कोई टेन्शन नहीं.’ आणि चावी टेबलावर आली.

मी बाईंचा हात दाबला. गप्प बसा, एवढंच म्हणायचं होतं मला. पण गप्प बसतील त्या आकरबाई कसल्या! चावी मागे सरकवून त्या उसळल्या, ‘मी मिश्रा न्हाय! मिश्राहारी हाय! भात खाते, भाजी खाते नि बोंबीलबी खाते!’ वर तोंड उघडून स्वतःचा सुळा दाखवला. ‘हा बगा. तुमालाबी हाय. आ करा!’

साहेबांनी आ केला नाही. ‘सोसायटी का नियम है, बाई,’ म्हणत चावी खणात टाकली.

कसला नियम? चाळीस वर्षं ज्या बाईंनी गावाला शिकवलं, त्यांना एका सुक्या बोंबलापायी बाहेर? आणि मिश्रा हे नाव ऐकताच, मिश्रांच्या ताटात काय असतं हे न विचारता, दार उघडं? नियम खाण्याचा होता म्हणे! मला अजून आठवलं तरी अंगाची आग होते.

तळमजला दुसरीकडे मिळालाच नाही. बाई वज्रेश्वरीपलीकडे पुतणीकडे निघाल्या. तिथून शनिवारी येणं त्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. टेम्पोत सामान चढत असताना मी चिडून म्हणाले, ‘बाई, पाच मिनिटं मिश्रा झाला असतात तर काय बिघडलं असतं?’

‘पाच मिनटां न्हाय गो,’ त्या म्हणाल्या. ‘मंग रोजच दार लावून जेवाय लागला असता, चोरासारखा. नि तो सेक्रेटरी बसतो ना, थय माज्या सासऱ्याचा शेत व्हता. भाताची लावणी करून दुपारी बांधावर आमी सगली बसायची. भाकर नि सुकट, उगड्यावर.’