रकान्यातली रेघ

कुठल्याही फॉर्मवर ‘व्यवसाय’ हा रकाना आला की आमचे शेजारी, ज्यांना मी भावोजी म्हणते, खिशातून जुन्या पोस्टकार्डाचा तुकडा काढायचे. तो रकान्यावर आडवा ठेवायचे आणि त्याच्या कडेने एक सरळ, बारीक रेघ मारायचे. “झालं,” म्हणायचे. “रेघेला कोणी उलट प्रश्न विचारत नाही.”

रेशनकार्ड असो, दवाखान्याचा केसपेपर असो, मतदारयादी असो, सगळीकडे तीच रेघ. तुमच्याही आळीत असा एखादा माणूस असेल. कुठे नोकरी नाही, धंदा नाही, लग्न नाही आणि तरीही कधी हाक मारावी तर “आत्ता हात मोकळा नाही हो” असं उत्तर येतं.

हात मोकळा नसायचा तो बायमुळे. बाय त्यांची धाकटी बहीण, वयाने चाळिशीची आणि मनाने चार वर्षांची. रोज सकाळी तिला चपला घालायच्या म्हणजे एक सोहळाच. आधी भावोजींनी तिची इवलीशी चप्पल स्वतःच्या पायात कोंबून बघायची, तोंड वाकडं करायचं आणि म्हणायचं, “नाय गो, मला लहान होते. तुलाच बसेल.” मग बाय खदाखदा हसायची आणि पाय पुढे करायची. आमचा नि त्यांचा गडगा एकच. त्या दगडी भिंतीपलीकडून येणारं हे वाक्य ऐकून मी चहाला आधण ठेवायचे. दुपारी बांगड्याचा एकेक काटा काढून तिला भरवायचं, ऊन उतरलं की हात धरून मांडवीला समुद्र दाखवायचा. ती घाबरते म्हणून आंघोळीच्या वेळी भावोजी दाराबाहेर बसून मोठ्याने पाढे म्हणायचे. आत त्यांची आई न्हाऊ घालायची. आई थकल्यावर शेजारच्या आम्ही बायका पाळीने जायचो. पाढे मात्र त्यांचेच.

मी तेव्हा तरुण होते. म्हणजे सत्तावन्न वर्षांची. हसू नका, सहासष्टाव्या वर्षी सत्तावन्न तरुणच दिसतं. एका सरकारी कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर बसायचे. केसांत अबोलीचा वळेसर, पर्समध्ये तीन पेनं आणि तोरा असा, की मी शिक्का मारल्याशिवाय रत्नागिरीत सूर्य मावळणार नाही. माझं अक्षर मोत्यासारखं आहे, असं सगळे म्हणायचे. कारण मी सगळ्यांना म्हणायला लावायचे.

“भावोजी, दिवसभर करता तरी काय?” मी गडग्यावरून खोडी काढायचे.

“वहिनी, दिवस मिळाला की सांगतो.”

त्यांची आई गेली आणि प्रश्न उभा राहिला. बायसारख्या माणसाला कागदोपत्री पालक लागतो. तो एक समिती ठरवते. भावोजींनी अर्ज करायचा ठरवला. थोरल्या भावानेही केला. ते दोन तासांवरच्या लोट्याला एका रसायनांच्या कंपनीत कायम नोकरीला होते, राहायला क्वार्टर्स. वाईट माणूस नव्हे. मोठा आहे तर आपलं कर्तव्य, एवढंच त्यांच्या मनात. बायने कोणाकडे राहायचं ते या दोन कागदांवर ठरणार होतं.

भावोजी अर्ज घेऊन माझ्याकडे आले. व्यवसायाचा रकाना आला तसं पोस्टकार्ड बाहेर निघालं. मी त्यांचा हातच धरला. “रेघबिघ चालायची नाही. रकाना रिकामा दिसला की मी स्वतः अर्ज परत पाठवते.”

“मग बाय लिहा.”

“काय?”

“व्यवसाय विचारलाय ना? बाय.”

मी हसले. चांगली डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग शहाण्या माणसाच्या आवाजात म्हटलं, “असं लिहीत नाहीत भावोजी. कागदावर खरं लिहावं.” आणि मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं, ‘काम करीत नाही.’ खाली आणखी एक रकाना होता, ‘अर्जदार कामावर असताना देखभाल कोण करणार?’ तिथे न विचारताच ‘लागू नाही’ असं टाकलं. एकही रकाना रिकामा राहिला नाही, याचा मला केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू!

सुनावणीहून ते परत आले तेव्हा मी गडग्याशीच उभी होते.

“साहेबांनी वाचलं,” ते म्हणाले. “म्हणाले, काम करीत नाही, मग बहिणीला सांभाळणार कसे? मी सांगणार होतो वहिनी. पण बायची चप्पल सुटली. मी ती घालायला खाली वाकलो. वर बघतो तर पुढचं नाव पुकारलेलं.”

तेच माझी समजूत काढत म्हणाले, “पण तुमच्या अक्षराची तारीफ केली हो त्यांनी.”

थोरले गाडी घेऊन आले आणि बायला घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाचं भांडं हातात घेतलं आणि गडग्यापलीकडून आवाज आला, “नाय गो, मला लहान होते.” मी भांडं तसंच धरून उभी राहिले. पुढे कोणी हसलं नाही. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी दाराला कुलूप होतं.

चार महिन्यांनी ते आले ते गळ्यात ओळखपत्र अडकवून. चौपन्नाव्या वर्षी लोट्याला एका कारखान्यात ठेकेदाराकडे गोणी उचलायला लागले होते. हातांची सालं निघालेली. समोर नवा कोरा अर्ज ठेवून म्हणाले, “आता लिहा वहिनी. आता मी काम करतो.”

मी ‘नोकरी’ लिहिलं. पेन खाली सरकलं आणि थांबलं. अर्जदार कामावर असताना देखभाल कोण करणार?

“हे मागच्या वेळी होतं?” त्यांनी विचारलं.

“होतं.”

“तेव्हा काय लिहिलेलं आपण?”

मी सांगितलं. त्यांनी त्या रकान्यावरून एकदा बोट फिरवलं. मग अर्जाची घडी करून खिशात ठेवली. “बाय संध्याकाळी तासभर भेटते,” म्हणाले. “रुसलेय. माझ्याकडे बघत नाही. विचार करून येतो.”

ते आले नाहीत. महिन्याभरात बायला ताप चढला आणि एका सकाळी, भावोजी पहिल्या पाळीला असताना, ती गेली. त्या कारखान्यात मोबाइल गेटवर जमा करून आत जावं लागतं. थोरल्यांचा फोन गेटवरच्या खणात वाजत राहिला. गेटवर माणूस पाठवला, पण ठेकेदाराचा कामगार कुठल्या शेडमध्ये आहे ते तिथे कोणाला सांगता येईना. साडेतीनला पाळी सुटली, भावोजी बाहेर आले, तेव्हा त्यांना कळलं.

थोरले शिमग्याला घर उघडायला येतात. यंदा मी धीर करून विचारलंच, भावोजी कसे आहेत म्हणून.

“निवृत्तीनंतर मी लोट्यालाच राहिलो. तो माझ्याकडेच असतो,” ते म्हणाले. “काम त्याच दिवशी सोडलं. जेवतो, झोपतो, कोणाला त्रास नाही. फक्त तीन वाजले की उठून त्या गेटसमोर जाऊन उभा राहतो. पाळी सुटली की बाहेर येणाऱ्या एकेकाचा चेहरा निरखून बघतो.”

“कोणाला शोधतात?”

“मीही विचारलं एकदा,” थोरले म्हणाले. “तर मला म्हणतो, दादा, आपला एक माणूस आत आहे. त्याला कोणी सांगितलेलं नाही अजून.”