जांभळे तळपाय

आधी वास आठवतो, मग घटना. आंबलेल्या द्राक्षांचा तो वास गोड होता, दमट होता आणि त्याच्या तळाशी काहीतरी कुजत असल्याची जाणीव होती. सेवेतून निवृत्त होऊन काही वर्षे झाली. वर्दी ट्रंकेत गेली, पण हातगाडीवर काळी द्राक्षे दिसली की मी अजूनही रस्ता ओलांडून पलीकडे जाते.

तेव्हा दौंड तालुक्यातील एका पोलीस ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे होता. सकाळची हजेरी चालू असताना फोन आला की कासुर्डीजवळ, महामार्गाच्या कडेच्या चारीत एक माणूस पडला आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा ऊन नुकतेच चढू लागले होते. माणूस चाळिशीचा, अंगावर जखम नाही, दाढी नीट केलेली. आणि तो वास.

"पिऊन पडलाय, मॅडम," हवालदार नाकाला रुमाल लावत म्हणाले. "वाईन ढोसलीय. आता आपले लोकबी साहेब झाले."

महामार्गावरच्या ठाण्याला असे मृत्यू नवे नसतात. अकस्मात मृत्यूची नोंद झाली. पंचनाम्यात 'अंगास दारूसारखा उग्र वास' हे शब्द आले आणि मृतदेह सरकारी रुग्णालयात गेला. खिशातल्या ओळखपत्रावरून तो शिरूरचा असल्याचे कळले.

दुपारी त्याची पत्नी आली. शिरूरच्या जुन्या मिशनच्या वस्तीत राहणारे ते ख्रिस्ती कुटुंब होते. ती रडत नव्हती. पदर घट्ट लपेटून ती माझ्या टेबलापुढे उभी राहिली.

"बाई, दारूचं काढा त्यातनं."

"शवविच्छेदनाचा अहवाल येऊ द्या."

"अहवाल कवा यायचा? सकाळधरनंच चर्चच्या मंडळीत कुजबूज चाललीया. आमच्यात प्रभुभोजनाला बी दारू न्हाई, मनुके उकळून रस करत्यात. तो रस माझा नवरा करायचा, सगळ्या मंडळीसाठी. आन् त्याला दारुडा म्हणून मातीत घालू?"

नवरा कुठे कामाला होता, असे मी विचारले. न्हावऱ्याकडच्या एका शेडवर, ती म्हणाली. ज्यूस आणि वाईनच्या कारखान्यांत रस काढून उरलेला द्राक्षाचा चोथा तिथे येतो. साली आणि बिया वाळवतात, दळतात, कॅप्सूलमध्ये भरतात. रक्तासाठी, हृदयासाठी, त्वचेसाठी.

तिच्या बोलण्याने माझ्या मनातला तो वास जागचा हलला. वास खोटा नव्हता. तो तोंडातून आला होता की कपड्यांतून, हे मात्र आम्ही कोणी विचारले नव्हते.

मी शवागारात गेले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत चोथ्याने कडक झालेली होती. वास तिथेच दाटला होता. पायांतले बूट काढायला लावले. तळपाय गर्द जांभळे होते, बोटांच्या बेचक्यांत आणि नखांच्या कडांत तर जवळजवळ काळे. आणि बूट? आतून कोरडे, स्वच्छ. एक डागही नव्हता. जांभळ्या पायांनी त्या बुटांतून तो एक पाऊलही चालला नव्हता.

शेड शिरूर तालुक्यात, भीमेच्या पलीकडे. शिरूरच्या ठाण्याला कळवून आम्ही गेलो. फाटकावर हिरव्या पानाचे चित्र आणि खाली ओळ होती: 'शंभर टक्के वनस्पतीजन्य. केमिकल नाही.' अंगणात ताडपत्र्यांवर साली सुकत होत्या, दुरून गुलाबाच्या पाकळ्यांसारख्या. मागे जमिनीत बांधलेला खोल हौद होता. नुकताच धुतलेला, रिकामा.

तिथे काम करणाऱ्या एका वयस्कर माणसाला सगळे मामा म्हणत. मी त्यांना ठाण्यात आणले, चहा दिला आणि मृत्यूविषयी काही विचारले नाही. माणूस ज्या प्रश्नाची तयारी करून येतो तो प्रश्न आपण विचारायचा नसतो. मी कामाविषयी विचारले.

"हौदात उतरताना पायांत काय घालता, मामा?"

ते दुखावल्यासारखे दिसले. "पायात? औषिध हाय त्ये, मॅडम. लोक पोटात घेत्यात. पायतान घालून कसं उतरायचं? भाईर काढायचं, पाय धुवायचं, हात जोडायचं, मंग उतरायचं. त्यो बी जोडायचा. मी म्हणायचो, अरं तुमच्यात हे असतंय का? तर म्हणायचा, मामा, आजारी माणूस सगळ्यांच्यात असतंय."

"मग त्याच्या पायांत बूट कोणी घातले?"

मामांनी कप खाली ठेवला.

"म्या."

पुढचे सारे त्यांनी खाली मान घालून सांगितले. हौद दोन दिवस ताडपत्रीखाली झाकलेला होता. संध्याकाळी ताडपत्री एका कडेने उचलून तो चोथा उपसायला उतरला, वाकला आणि वाकलेलाच राहिला. मामा धावले तर त्यांनाही भोवळ आली. कसाबसा गळ टाकून, पट्ट्याला अडकवून दोघांनी त्याला वर ओढले. दुसरा ओढणारा शेडचा मालक होता.

"शेट म्हनले, अनवानी मानूस हायवेला कशाला आसंल? बूट घाल. म्या पाय धुतलं त्याचं, मॅडम. लई घासलं. रंग जाईना."

"तेव्हा तो...?"

"पिकअपमधी डोकं माझ्या मांडीवर व्हतं. छाती हालत व्हती. म्या काच बडवली, म्हनलं दवाखाना आला. शेट थांबलं न्हाईत. हायवेला लागंस्तवर, चौफुल्यापतुर हालत व्हती."

मालक दुसऱ्या दिवशी वकिलासह आला. मोठ्या बागायतदाराचा मुलगा, शिकलेला, मृदू बोलणारा. कुरकुंभच्या औषध कंपनीत त्याने अनेक वर्षे शिफ्ट सांभाळली होती आणि मग गावाकडे येऊन, वाया जाणाऱ्या चोथ्याचे सोने करीन म्हणाला होता. त्याच आठवड्यात परदेशी खरेदीदार शेड पाहायला येणार होते.

"मॅडम, आमच्याकडे केमिकलच नाही," तो म्हणाला. "फळ आहे ते. फळाने कोणी मरतं का?"

"कुरकुंभला टाकीत माणूस उतरवण्याआधी काय करत होता?"

"परमिट. गॅस टेस्ट. कमरेला दोर, टाकीच्या तोंडाशी एक माणूस," तो सवयीने म्हणत गेला. "आंबवणाची टाकी असेल तर आधी हवा सोडायची, कारण तो वायू जड असतो, तळाशी..."

तो थांबला. वकिलाने त्याच्या हातावर हात ठेवला, पण त्याची आता गरज नव्हती.

मृत्यू गुदमरून झाल्याचे डॉक्टरांनी लिहिले. प्रयोगशाळेत पाठवलेल्या व्हिसेऱ्यात मद्याचा अंश नव्हता. सदोष मनुष्यवध आणि पुरावा नष्ट करणे, अशी कलमे लागली. खटल्याचे पुढे जे व्हायचे ते झाले. त्यावर मी लिहिणार नाही.

या प्रकरणाने मला काय शिकवले? पंचेंद्रिये खोटे बोलत नाहीत. आपण त्यांच्या तोंडी आपले शब्द घालतो. वास आला एवढेच खरे होते. दारू आम्ही आमच्या सवयीतून आणली. मालकाने ज्या पदार्थाला निरुपद्रवी मानले, त्याच पदार्थाला हौदात उतरणाऱ्या माणसांनी पवित्र मानले होते. दोघांनीही त्याला भ्यायला हवे होते. पण जोडे बाहेर काढण्याची कामगारांची ती भाबडी रीत नसती, तर तो माणूस कायमचा दारुडा राहिला असता. कॅप्सूलची डबी दुकानात दिसली की मी तिच्यावरचे हिरवे पान पाहते आणि त्यामागे कोणाचे पाय आहेत, याचा विचार करते.

अहवाल आला त्या दिवशी मी स्वतः शिरूरला गेले. त्याच्या पत्नीने पाळकांनाही बोलावून घेतले होते. मद्याचा अंश नाही, ही ओळ मी वाचली. तिने ती पुन्हा वाचायला लावली, आणि दारात उभ्या असलेल्या शेजारणींकडे एकदा पाहिले. मग मी हौदाचे सांगितले. वायूचे सांगितले. पिकअपमधून नेले, हेही सांगितले. चौफुल्यापर्यंत छाती हलत होती, ते सांगितले नाही. ते न्यायालयात तिला ऐकावेच लागणार होते. तोवर तरी तिला नीट झोप लागावी, असे मला वाटले.

ती मला जीपपर्यंत सोडायला आली. ऊन उतरले होते, प्रार्थनामंदिराच्या आवारात कडुनिंबाचा मोहोर गळत होता. मी दार उघडले तेव्हा तिने माझ्या बाहीला हात लावला.

तिने फक्त एकच शब्द उच्चारला; 'गाडीत घातला तवा' हे त्याआधीचे शब्द मी मनातल्या मनात जोडले.

"जित्ता?"