‘सरळ हाय का, पोरी?’

आईचा फोन आला तेव्हा मी जुन्नरला कॉलेजच्या जिन्यात उभी होते. “तात्या गेले गं,” ती म्हणाली. “सकाळी चहा घेतला आन् खुर्चीतच...” तास सुरू झाला होता. मी आत जाऊन बसले, वही उघडली, पण तासभर माझ्या डोळ्यांसमोर उन्हात तरंगणारा लाकडाचा भुसाच होता. या गोष्टीला आता सहा आठवडे होतील. असं काही लिहायची मला सवय नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली. काही चुकलं तर समजून घ्यावं.

तात्या म्हणजे शिनोलीतले आमचे शेजारी. सुतार. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मुलांनी “आता काम बंद करा” म्हणून सांगितलं. तात्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भोकं पाडायचं ड्रिल मशीन घेऊन आमच्याकडे आले. आईला ओट्याखाली भांड्यांचं कपाट हवं होतं. माझी दिवाळीची सुट्टी चालू होती. दुपारी मागच्या दारातून ऊन आत यायचं, थेट ओट्यापर्यंत, आणि त्या उन्हात तात्या मांडी घालून बसायचे. ते दिवस मला आता पाण्याखालून बघितल्यासारखे दिसतात... हलणारे, पिवळे, आवाज लांबून येणारे.

कपाटाच्या उभ्या फळीतून आडव्या फळीच्या कडेत स्क्रू जातो. आडव्या फळीची जाडी ती केवढी, बोटाएवढी. भोक जरा तिरकं गेलं की स्क्रूचं टोक फळी फोडून बाहेर येतं. तात्या म्हणाले, “मशीन धरणाऱ्याला डावं-उजवं कळतं. वर-खाली कळत न्हाई. त्याला बाजूनं बघणारं माणूस लागतं.” म्हणून मी बाजूला बसायची. ते मशीनचं टोकदार बिट फळीला टेकवायचे, श्वास धरायचे आणि विचारायचे, “सरळ हाय का, पोरी?” मी सांगायची, “थोडं वर... हां.” मग मशीन गुरगुरायचं आणि बारीक भुसा त्यांच्या मनगटावर साचायचा. तो ते पुसत नसत. आई चुलीपासून ओरडायची, “सरळच हाय की तात्या! तुमचं कधी वाकडं गेलंय?” तात्या हसायचे. “तुझी पाठ हाय माझ्याकडं. पाठीला डोळं फुटलं व्हय?”

तिसऱ्या दुपारी तात्या दमले होते. मशीनची मागची बाजू वर गेली होती, मला स्पष्ट दिसत होतं. दोनदा मी सांगितलं, दोनदा त्यांनी सावरलं, पुन्हा ती वर गेली. त्यांच्या कपाळावर घाम होता. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं तेव्हा मला सांगवेना. एवढ्या मोठ्या माणसाला किती वेळा चूक म्हणायचं? मी म्हणाले, “सरळ आहे, तात्या.”

स्क्रू आवळून झाल्यावर त्यांनी सवयीनं फळीच्या खालून हात फिरवला, आणि थांबले. बोटावर रक्ताचा थेंब आला होता.

“तुला दिसलं व्हतं?”

“हो.”

“मंग?”

“तुम्ही दमला होतात.”

त्यांनी बोट तोंडात धरलं. मग रागावून नाही, पण अगदी हळू म्हणाले, “मी दमलो व्हतो. तुझं डोळं दमलं नव्हतं ना? सगळी मला सरळच म्हणत्यात. आता मी कुणाला इचारू?”

मला रडू यायला लागलं. त्यांनी लक्ष दिलं नाही. स्क्रू काढला, बांबूची कामटी तासली, डिंक लावून भोकात ठोकली आणि शेजारी नवीन खूण केली. पुन्हा श्वास धरला. मी जमिनीवर गाल टेकवून बघितलं.

“वाकडं आहे, तात्या.”

“आता?”

“अजून वाकडं.”

“आता गं?”

“वाकडंच.”

“लई खडूस हाय ही!” असं आईला ओरडून सांगताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता... पाचव्या वेळी मी “हां” म्हटलं. ते भोक सरळ गेलं. संध्याकाळपर्यंत सगळीच सरळ गेली.

दहाव्याला मी गावी गेले. येणारा प्रत्येक जण म्हणत होता, शेवटपर्यंत हात कसा सरळ होता म्हाताऱ्याचा! माणसं पांगल्यावर तात्यांच्या बायकोनं, काकूंनी, मला पडवीत बोलावलं. तात्या तिथंच काम करत. काकूंनी विचारलं, “खरं सांग. शेवटी शेवटी त्यांचं वाकडं जायचं का गं?”

त्या दिवशी असं कसं सांगायचं, मला कळेना. तरी मी म्हणाले, “हो काकू. जायचं. पण ते विचारायचे.”

काकूंनी मान हलवली. “मलाबी इचारायचे. भाकरी गार व्हायची म्हणून मी न बघताच सरळ म्हणायची. म्हटलं की लगेच उठायचे जेवायला.”

मग पदर तोंडाला लावून, मशीन ठेवलेल्या कोपऱ्याकडे बघत, तात्या तिथंच बसलेत तशा त्या म्हणाल्या,

“वाकडं व्हतं हो... लई वाकडं व्हतं.”