वाडी गावातून फुटली

माणसं भांडतात हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण भांडताना ती इतकी खूश असतात, हे मी पहिल्यांदा पाहिलं ते द्विभाषिक राज्य मोडायचं ठरलं त्या वर्षीच्या शिमग्यात. तेव्हा आमचा जिल्हा कुलाबा होता आणि मी पोलादपूरच्या वरच्या डोंगरात दोन मुलांची आई होते. सासर वरच्या वाडीत, माहेर खालच्या गावात. मधे एक पऱ्या, म्हणजे डोंगरातला ओढा, आणि अर्ध्या तासाची उतरण. खाली माझी विधवा आई एकटी राहायची. तिला दम्याचा त्रास होता. माझा भाऊ मुंबईला गिरणीत आणि नवराही मुंबईला गिरणीत, त्यामुळे तिचं दुखलंखुपलं बघायला मी सोडून कोणी नव्हतं. एक दिवसाआड मी खाली जायचे, तिचं पाणी भरायचे, दोन भाकऱ्या थापायचे आणि परत यायचे.

खालचं गाव आणि आमची वाडी मिळून एकच गावकी होती. लग्नाला लागणारे मोठे टोप आणि पराती गावकीच्या. लावणीला एकमेकांच्या शेतात राबायची सावड गावकीची. आजाऱ्याला डोलीत घालून पोलादपूरला न्यायला लागणारे खांदे गावकीचे. कुणी मेलं की घरटी एक लाकूड यायचं. परळला एका चाळीत गावकीची एक खोलीसुद्धा होती आणि तिथं दोन्हीकडचे गडी पाळीपाळीनं झोपायचे. ही सगळी व्यवस्था कुणी बसून ठरवली होती असं नाही. ती आमच्या आधीपासून होती आणि आम्ही तिच्यात जन्मलो होतो.

वाडीची तक्रार खोटी होती असं मी म्हणणार नाही. शिमग्यात देवीची पालखी घरोघर फिरायची, पण आधी खालचा गाव पुरा व्हायचा आणि मग उरलंसुरलं आमच्या वाट्याला यायचं. त्या वर्षी पालखी वर पोचली ती एक दिवस उशिरा. आम्ही बायांनी पहाटेपासून राबून केलेल्या पोळ्या आंबल्या आणि कुत्र्यांना घालाव्या लागल्या. मला राग आला होता. सगळ्यांनाच आला होता. पण रागाला आमच्या पुरुषांनी जे रूप दिलं त्याची मला आजही शिसारी येते.

दुसऱ्याच दिवशी दुपारी वाडीतल्या बहिरीच्या देवळात बैठक बसली. पुढारी होता गिरणीतला एक मुकादम, नात्यानं माझा दीर. मुंबईत तो मोर्च्यांना जाऊन आलेला, भाषणं ऐकून आलेला. तो उभा राहिला आणि म्हणाला, "दिल्लीनं एका राज्याची दोन केली का नाय? मंग आपल्यालाच काय झालं? आपण पन फैसला करायचा. आपली वाडी येगळी, आपली गावकी येगळी!"

टाळ्या पडल्या. ज्या चळवळीत माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या, तिची भाषा हे लोक पोळीच्या मानासाठी वापरत होते. आणि ती चळवळ होती मराठी माणसांना एकत्र आणायची! इथे अर्ध्या तासाच्या उतरणीवरची माणसं एकमेकांना परकी करायला निघाली होती. पण देवळात हे कुणाला खटकलं नाही.

मी इतर बायांबरोबर पायरीवर बसले होते. आत जायची रीत नव्हती, ऐकायची होती. दोन दुपारी मी ऐकलं. एक म्हणाला, खालच्यांचं आपल्यावाचून अडतं, आठ दिवसांत पाया पडत येतील. दुसरा म्हणाला, टोप-पराती मुंबईहून नवीन आणू. तिसरा तर सांगत होता की सावड तशीच राहील, डोली तशीच राहील, फक्त खालच्यांचा हुकूम चालणार नाही. म्हणजे घर सोडायचं, पण ताट तिथंच वाढलेलं पाहिजे. उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्यातले निम्मे गडी तिसऱ्या दिवशीच्या एस.टी.ने मुंबईला परतणार होते. वाडीत राहणार होतो आम्ही.

विरोधात एकच माणूस बोलला, माझे चुलत सासरे. त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईत होते आणि ते स्वतः नांगर धरायचे. ते म्हणाले, "आरं, नदी खाली हाय, मसण खाली हाय, पोलादपूरची वाट खालनं जाते. डोंगर उचलून कुठं ठेवणार हाव?"

"खालच्यांचा मिंधा!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. म्हातारा खाली बसला.

तेव्हा मी पायरीवरून उभी राहिले. मी काही धीट बाई नव्हते. मी म्हटलं, "माझी आई खाली एकटी हाय. तिला बरं नसतं. मी खाली जायाचं का नाय, तेवढं सांगा."

देवळातल्या सगळ्या माना वळल्या. बाईनं बैठकीत तोंड उघडलं म्हणून त्या वळल्या, प्रश्नासाठी नव्हे. शिमग्याला घरी आलेला माझा नवरा माझ्याकडे बघतच नव्हता, खांबाकडे बघत होता. मुकादम हसला. म्हणाला, "वयनी, तुमचा मामला आमी मागनं बघू. आदी मोटं काम होऊ द्या." मग हात वर करायला सांगितलं. नवऱ्याचाही हात वर गेला. घरी आल्यावर मी त्याला विचारलं तर म्हणाला, "सगळ्यांनी वर केला, मी एकट्यानं खाली ठेवायचा?" त्या रात्रीचं त्याचं जेवण मी वाढलं नाही, ताट सरकवलं.

माझा मामला कुणी मागून बघितला नाही. महिन्याभरानं मुंबईहून एक कागद आला, खाली सह्या आणि अंगठे. खालच्या गावात जो जेवेल, लग्नाला किंवा मयताला जाईल, त्यांच्याशी बोलेल, त्याला दंड. ऐकलं नाही तर वाळीत. आधी म्हणे सगळं तसंच राहणार होतं! खालच्यांनीही काही कमी केलं नाही. त्यांनी तसाच कागद काढला, शिवाय आमचे टोप बंद, डोली बंद, सावड बंद. परळच्या खोलीत म्हणे मधोमध गोणपाटाचा पडदा लावला आणि दोन स्टोव्ह मांडले. पडद्याच्या दोन्हीकडे माणसं पाय पोटाशी घेऊन झोपू लागली, कारण लांब केले तर दुसऱ्याच्या मुलखात जायचे. हे सांगताना नवऱ्याला हसू आलं होतं. मला आलं नाही.

आषाढात लावणीला हात कमी पडले. आम्ही बायांनी उजाडल्यापासून चिखलात उभं राहून वाडीची शेतं लावली, तरी वरचे दोन तुकडे पडीकच राहिले. मुकादमाचं पत्र आलं, "हिंमत सोडू नका, आपली वाडी आता स्वतंत्र आहे." शाळा शिकलेल्या पोरानं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. वाकून वाकून एका बाईची कंबर मोडली होती, तिनं चुलीकडे तोंड करून पचकन थुंकलं. मला तिचा हेवा वाटला.

आईला भेटायची मी एक वाट काढली होती. सकाळी मी लाकडं गोळा करायच्या निमित्तानं पऱ्यापर्यंत उतरायचे, ती हंडा घेऊन पलीकडे यायची. ती तिच्या काठावर बसायची, मी माझ्या. पाण्यात कुणी पाय घालायचा नाही. बोलणं सोडलं तर दोघींनी कागद मोडलेला नव्हता! ती माझ्या धाकट्यासाठी आमसुलं फडक्यात बांधून पलीकडून फेकायची. पऱ्या फुगला तेव्हा पाण्याच्या आवाजात एकमेकींचं ऐकू येईना, मग नुसत्याच बसायचो. दर वेळी ती हातानं खुणावायची, जा, कुणी बघेल. माझी आई, जिनं मला जन्म दिला, तिला मी भेटताना कुणीतरी बघेल म्हणून घाबरत होते.

श्रावणात पावसानं उघडीप दिली आणि आई यायची थांबली. तीन सकाळी मी पऱ्यावर बसून परत आले. वाटलं, दमा असेल, चढण झेपत नसेल. खाली जायचं माझ्या मनात रोज येई आणि रोज मी मुलांकडे बघून थांबे. वाळीत पडलो तर त्यांच्याशी खेळणार कोण, नवऱ्याला मुंबईत खोलीवर राहू देणार कोण. हे सगळे हिशेब मी केले. ते केल्याचीही मला किळस आहे, दुसऱ्यांवर ओकताना मी स्वतःला वगळत नाही.

चौथ्या दिवशी सकाळी अंगणातून खाली बघितलं तर आईच्या दारात माणसं जमलेली. घरटी एकेक लाकूड येताना दिसत होतं. मी आत गेले, माळ्यावर पावसाळ्यासाठी जपलेलं एक सुकं ऐनाचं लाकूड डोक्यावर घेतलं आणि उतरले. वाडीतल्या बाया दारात उभ्या राहून बघत होत्या. एकजणही "आमी येतो" म्हणाली नाही.

खाली गावच्या पाटलानं मला अंगणातच अडवलं. लहानपणी ह्याच माणसाच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली होती. तो म्हणाला, "तू ये गो, तोंड बघून घे. पन लाकूड नको. वरच्या वाडीचं लाकूड आमच्या चितेवर चढणार नाय." मी म्हटलं, हे वाडीचं नाही, माझं आहे, लेकीचं आहे. त्यानं मान हलवली. "आमचं बी ठरलंय." माझ्या डोक्यावरचं लाकूड दोघांनी उतरवलं आणि गोठ्याच्या भिंतीला, शेणाच्या चिखलात टाकलं. चितेसाठी ओली लाकडं उचलून नेत होते आणि सुकं तिथं पडलं होतं. दुसऱ्याला अपशकुन म्हणून आपलंच नाक कापणारे मी वाडीत बघितले होते, ते इथेही होते.

मी आत गेले. भावाला मुंबईत अजून निरोप पोचायचा होता, त्याची वाट बघणार नव्हते. आई लहान दिसत होती. शेजारची बाई तिच्या उशाशी बसली होती, माझ्याबरोबर वाढलेली. तिनं माझा हात धरला आणि रडत म्हणाली, "दोन दिस तुजं नाव घेत व्हती गो. दाराकडं बघत व्हती."

मला एकदम आठवलं. माझ्या धाकट्याच्या वेळी मी बाळंत झाले, तेव्हा माझ्या आईनं ह्याच अंगणातून हाक मारून विचारलं होतं, मुलगा की मुलगी. आणि माझ्या सासूनं वरून उत्तर दिलं होतं. इथली हाक तिथे स्वच्छ ऐकू येते. उघडीप होती, वारं नव्हतं, मी दोन्ही दिवस अंगणातच कांडत होते.

"मंग हाक का नाय मारलीस?" मी विचारलं.

तिनं पदर तोंडाला लावला. "बंदी व्हती ना गो. आमच्या घरावर दंड बसला असता."

मी तिचा हात सोडला. तिला शिवी देणार होते, पण तिच्यासारखीच भीती मी तीन दिवस घरात बसून पोसली होती. कोणत्या तोंडानं देणार? ती खरं बोलली, एवढंच.

नवरा मुंबईहून आला तो मयतानंतर चौथ्या दिवशी. मयताला गेल्याबद्दल आमच्यावर दंड बसलाच होता. त्यानं तो भरला आणि मला म्हणाला, देवळात नारळ ठेवून माफी माग, विषय संपव. मी नाही म्हटलं. दोन दिवस नाही म्हटलं. मग धाकटा रडत घरी आला, त्याला कुणी खेळायला घेत नव्हतं, आणि मी नारळ ठेवला. आई मेली म्हणून मी गेले, याची माफी मी बहिरीसमोर मागितली. मुंबईहून रजेवर आलेला मुकादम समोर बसून पान लावत होता.

तीन शिमगे असे गेले. मग परळच्या चाळीच्या मालकानं खोली खाली करायला सांगितली. मालकाशी भांडायला एकेकट्या गावकीचं बळ पुरेना, दोन्हीकडच्यांना एकमेकांची गरज लागली. पडदा निघाला. पुढच्या शिमग्यात एकाच दुपारी, एकाच बैठकीत गावकी पुन्हा एक झाली. मुकादम आणि पाटील गळ्यात गळे घालून उभे राहिले, गुलाल उधळला, पालखी सकाळीच वर आली. पोळ्या आम्हीच केल्या. पंगतीत जो तो म्हणत होता, झालं गेलं गंगेला मिळालं. मी वाढत होते आणि घास घेणारी ती तोंडं बघत होते.

मी पाटलाच्या पानावर पोळी वाढली तेव्हा त्यानं वर बघितलं. चेहरा खुलला त्याचा. मोठ्या मायेनं म्हणाला, "आता ये गो पोरी, माहेरला खुशाल ये. आता कोण अडवत नाय."

"कुणाकडं येऊ?" मी विचारलं.

त्यानं तुपाची वाटी पुढं केली. मी तूप वाढलं आणि पुढच्या पानाकडे गेले.